उगवता चॅम्पियन विरुद्ध मुरलेला बॉक्सर: अंदाज कसा बांधायचा आणि राउंड कसे मोजायचे

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यातल्या एका पानावर पाचव्या राउंडसमोर इतकी खाडाखोड झाली आहे की कागद फाटायला आलाय. पानावर तारीख ३० एप्रिल २०१७. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवारची पहाट, अडीच वाजून गेलेले. अँथनी जोशुआ विरुद्ध व्लादिमीर क्लिच्को. पहिला २७ वर्षांचा, १८ लढती आणि अठराच्या अठरा नॉकआउट, आयबीएफ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट चॅम्पियन. दुसरा ४१ वर्षांचा, ६८ लढती खेळलेला, त्यातल्या ६४ जिंकलेला, २००६ ते २०१५ अशी साडेनऊ वर्षं हेवीवेटच्या गादीवर बसलेला.

जिंकणार कोण, हे मी बरोबर सांगितलं होतं. तरीही माझं स्कोअरकार्ड फसलं, आणि ते त्या बरोबर आलेल्या अंदाजामुळेच फसलं. तेव्हापासून मी ही दोन कामं वेगळी ठेवतो. लढतीआधी अंदाज बांधायचा आणि पान उलटायचं. लढत सुरू झाली की फक्त मोजायचं. ही दोन्ही कामं मी कशी करतो ते पुढे लिहितो. उदाहरण बहुतेक ठिकाणी याच लढतीचं आहे, कारण चढता आणि उतरता यांची गाठ इतकी स्वच्छ क्वचित पडते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मराठीत 'पंच' म्हटलं की निकाल देणारा, आणि बॉक्सिंगमध्ये 'पंच' म्हटलं की ठोसा. 'पंचांनी पंच मोजले' असलं काही वाचायची वेळ येऊ नये म्हणून इथे पंच म्हणजे रिंगबाहेर बसून गुण देणारा, रेफरी म्हणजे रिंगमधला, आणि हाताने मारतात तो ठोसा.

वय विचारू नका, वयाने काय नेलं ते बघा

'एक्केचाळीस वर्षांचा आहे, संपला' हा अंदाज नव्हे. वय सगळं एकदम नेत नाही. आधी पाय जातात. मग डोळ्याला दिसलेली फट आणि हात सुटणं यात अंतर पडायला लागतं. मग मार सोसायची ताकद. ठोशातलं वजन मात्र सगळ्यात शेवटी जातं. जॉर्ज फोरमनने ५ नोव्हेंबर १९९४ ला लास वेगासमध्ये मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं तेव्हा तो ४५ वर्षांचा होता, चॅम्पियन मूरर २६ चा. तोपर्यंत तिन्ही पंचांच्या कार्डावर फोरमन मागे होता. पाय केव्हाच गेले होते, उजवा हात जागेवर होता.

म्हणून पहिलं काम हे: ज्येष्ठ बॉक्सरच्या शेवटच्या दोन-तीन लढती शोधा आणि आवाज बंद करून बघा. अख्ख्या बघायला वेळ नसेल तर एकाच लढतीतला दुसरा राउंड आणि नववा राउंड पाठोपाठ बघा. माझी नजर तीन गोष्टींवर असते. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाल्यावर पाय कुठे जातात? पूर्वी तो जॅब मारून अर्धं पाऊल बाजूला सरकत असेल आणि आता जागेवरच उभा राहत असेल, तर ते लिहून ठेवा. दुसरं, समोरच्याने हात खाली टाकला, फट दिसली, तरी याचा हात सुटत नाही असं किती वेळा होतं? तिसरं, मिठी. मिठी मारणं हा क्लिच्कोचा जुना डाव, जॅब, मग उजवा, मग गळ्यात पडून समोरच्याचं काम बंद पाडणं. पण डाव म्हणून मारलेली मिठी आणि दम घ्यायला मारलेली मिठी वेगळी दिसते. डावाची मिठी ठोशानंतर येते, दमाची ठोशाऐवजी.

आता क्लिच्कोची जोशुआआधीची शेवटची लढत. २८ नोव्हेंबर २०१५, ड्युसेलडॉर्फ, टायसन फ्युरीविरुद्ध बारा राउंडमध्ये त्याचे लागलेले ठोसे होते ५२. म्हणजे राउंडला चार-पाच. पुढे सतरा महिने तो रिंगमध्ये उतरलाच नाही. हे आकडे बघून बऱ्याच जणांनी त्याला निकालात काढलं.

इथे घाई करू नका. हरलेली लढत बघताना प्रश्न असा विचारायचा: समोरच्याने याला कोणता पेपर दिला होता, आणि नवा गडी तोच पेपर देणार आहे का? फ्युरी उंच, सतत डोकं हलवणारा, कधी डावा पाय पुढे तर कधी उजवा, फसव्या हालचालींनी समोरच्याचा हात गोठवणारा. जोशुआ समोर उभा राहून सरळ येणारा. क्लिच्कोला सरळ येणारा माणूस हवाच होता.

याच चुकीचं जुनं उदाहरण आहे बर्नार्ड हॉपकिन्सचं. एप्रिल २००८ मध्ये तो जो कॅल्झागीकडून हरला. कॅल्झागी म्हणजे ठोशांचा पाऊस. ४३ वर्षांचा म्हातारा आता दमला, असं ठरलं. सहा महिन्यांनी, १८ ऑक्टोबरला, अटलांटिक सिटीत त्याच्यासमोर आला केली पॅव्हलिक: २६ वर्षांचा, अपराजित, मिडलवेट चॅम्पियन, एकेका जबर ठोशाने काम करणारा आणि सरळ रेषेत चालणारा. हॉपकिन्सने त्याला बारा राउंड नाचवलं. कार्डं होती ११९–१०६, ११८–१०८ आणि ११७–१०९. म्हाताऱ्याला वेग झेपला नव्हता, पण ताकद वाचता येत होती, आणि पॅव्हलिककडे ताकदच होती.

चॅम्पियनची पाटी किती कोरी आहे?

तरुण चॅम्पियनच्या बाबतीत उलटी तपासणी करायची. त्याने काय केलं हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्यावर अजून काय वेळ आलेली नाही, ते शोधायचं. अठरा नॉकआउट हा आकडा पोस्टरवर छान दिसतो, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की जोशुआ सातव्या राउंडच्या पुढे कधी गेलाच नव्हता. आठवा राउंड कसा असतो, पाय जड झाल्यावर गार्ड, म्हणजे तोंडासमोरचे बचावाचे हात, वर राहतो का, मागे पडल्यावर डोकं शांत राहतं का, यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

एक खूण मात्र होती. डिसेंबर २०१५ मध्ये डिलियन व्हाइटने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने, हलवलं होतं. जोशुआ सावरला आणि सातव्यात व्हाइटला पाडलं. यातून दोन गोष्टी कळतात: त्याला हलवता येतं, आणि हलला तरी तो पळत नाही. माझ्या मते हा एक राउंड बाकीच्या सतरा लढतींपेक्षा जास्त सांगून जातो.

प्रतिस्पर्ध्यांची यादीही चाळा. नुसता आकडा नको. प्रत्येक नावापुढे त्या वेळी तो गडी किती पाण्यात होता ते लिहा. बहुतेक अपराजित रेकॉर्ड निम्मं तरी पाळलेल्या बोकडांवर झालेलं असतं. यात फसवणूक काही नाही, पोरगं असंच वाढवतात.

वजन, अंतर, आणि बारीक दिसणारा अली

उंची आणि हाताची लांबी कागदावर असते, पटकन बघून घ्या. जोशुआ आणि क्लिच्को दोघंही सहा फूट सहा इंच, हातांची लांबीही जवळपास सारखी, म्हणजे क्लिच्कोचा आयुष्यभराचा फायदा त्या रात्री नव्हता. वजनात जोशुआ दहाएक पाउंडांनी जड. खालच्या वजनगटांत करारात ठरवलेलं मधलं वजन असेल तर ते कुणाला सोसणार याचा विचार करा. सप्टेंबर २०१३ मध्ये २३ वर्षांच्या कानेलो अल्वारेझला ३६ वर्षांच्या फ्लॉइड मेवेदरसाठी १५४ ऐवजी १५२ पाउंडांवर यावं लागलं. दोन पाउंड म्हणजे किलोसुद्धा नाही. पण आधीच सुकलेल्या अंगातून ते काढायचे असतात.

वजनाच्या दिवशीच्या फोटोंवर मात्र जाऊ नका. २ ऑक्टोबर १९८० ला ३८ वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा तो कित्येक वर्षांत नव्हता इतका सडपातळ होता. लोक हरखले, जुना अली परत आला म्हणाले. ते वजन उतरण्यामागे थायरॉइडची औषधं होती आणि अंगात त्राण नव्हतं. दहा राउंडनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला उठू दिलं नाही. ज्येष्ठ बॉक्सर अचानक फार छान दिसायला लागला की मला आता आनंदाऐवजी शंका येते.

बुकींचे भाव बघायला हरकत नाही, पण थर्मामीटर म्हणून. १.५० चा भाव म्हणजे १ भागिले १.५०, सुमारे ६७ टक्के. समोरच्याचा २.७५ म्हणजे ३६ टक्के. बेरीज १०३ भरते. वरचे तीन बुकीचे. लोकांचं मत कुठे आहे ते कळलं की पुरे. पैसे लावायच्या भानगडीत मी पडत नाही, तुम्हीही पडू नका.

मग अंदाज लिहा. तोंडी नको, लिहाच, कारण तोंडी अंदाज लढतीनंतर आपोआप सुधारतो. चार गोष्टी हव्यात: कोण, कसा, कितव्या राउंडपर्यंत, आणि शंभरात किती खात्री. खाली पाचवी ओळ, काय दिसलं तर माझं चुकलं असं मानायचं. माझ्या वहीत होतं: 'जोशुआ, नॉकआउट, सहाव्याच्या आत, ६५. सातवा उजाडला तर क्लिच्को.' पान उलटा. आता ते पान लढत संपेपर्यंत उघडायचं नाही.

घंटा वाजली, आता मोजणी

व्यावसायिक लढतीत तीन पंच रिंगच्या तीन बाजूंना बसतात. प्रत्येक राउंड ही वेगळी लढत समजायची. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. एकदा पाडलं तर १०–८, दोनदा पाडलं तर १०–७. न पाडताही राउंड फारच एकतर्फी झाला तर १०–८ देता येतात. १०–१० ची मुभा आहे, पण ती पळवाट होते. मी स्वतःला वर्षातून एखाद्याच वेळी देतो.

काय मोजायचं? चार गोष्टी सांगतात: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, आणि बचाव. चारही सारख्या तोलाच्या धरू नका. पहिली गोष्ट रुपया, बाकी सुटे पैसे. पहिल्या गोष्टीत राउंड सुटला तर पुढे बघायचीही गरज नाही. स्वच्छ ठोसा म्हणजे ग्लोव्हजच्या मुठीचा भाग डोक्याच्या समोर किंवा बाजूला, नाहीतर पट्ट्याच्या वर धडावर, मध्ये हात न येता. टीव्हीवर ते कळायला कठीण, म्हणून मी मारणाऱ्याकडे बघतच नाही, खाणाऱ्याकडे बघतो. मान मागे गेली का? टाच जमिनीवर आदळली का? पुढचा ठोसा मारायचा राहून गेला का? गार्डवर बसलेल्या दहा ठोशांचा आवाज मोठा येतो, पण त्यांना भाव नाही.

आवाज बंद करा हे तर आलंच. कॉमेंट्री बंद, आणि जमलं तर प्रेक्षकही. वेम्बलीत नव्वद हजार लोक होते आणि त्यातले बहुतेक सगळे जोशुआचे. त्याचा ठोसा क्लिच्कोच्या खांद्याला घासून गेला तरी गर्जना उठायची. क्लिच्कोचा जॅब नाकावर बसला तर शांतता. कान उघडे असतील तर डोळे त्यांचंच ऐकतात.

घंटा झाली की मिनिटभराची विश्रांती असते. पहिल्या पंधरा सेकंदांत आकडा लिहा, पुढे एका शब्दात कारण: 'जॅब', 'उजवा', 'पोटावर'. कारण लिहिता आलं नाही तर राउंड तुम्ही पाहिला नाही, नुसता बघितला. आणि मागचा आकडा बदलायचा नाही. खऱ्या पंचांची चिठ्ठी राउंडनंतर गोळा होते. त्यांना घरी जाऊन विचार करायची सोय नसते.

तीन मिनिटांच्या शेवटावर भाळू नका, हेही सांगायला हवं. ६ एप्रिल १९८७ ला जवळपास तीन वर्षांनी परतलेल्या शुगर रे लेनर्डने मार्विन हॅगलरविरुद्ध हेच केलं. शेवटची तीस सेकंदं उरली की कोपऱ्यातून ओरडा व्हायचा आणि लेनर्ड हातांचा पट्टा फिरवायचा. निकाल लेनर्डच्या बाजूने, पण फुटलेला: ११८–११०, ११५–११३, आणि तिसरं कार्ड ११५–११३ हॅगलरचं. त्यावर लोक आजही भांडतात. राउंडच्या मध्यावर मनातल्या मनात 'आत्ता कोण?' विचारून ठेवलं की शेवटच्या रोषणाईने डोळे दिपत नाहीत.

चढता-उतरता जोडीत आणखी दोन चकवे असतात. एक म्हणजे म्हाताऱ्याचं कौतुक. आपण त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवलेली असते, म्हणून तो तीन जॅब मारून उभा राहिला तरी 'अजून दम आहे हो' म्हणत राउंड देऊन टाकतो. तग धरण्याला गुण नसतात. दुसरा चकवा चॅम्पियनच्या पट्ट्याचा. 'पट्टा काढून घ्यायचा तर धुऊन काढावं लागतं' हे वाक्य दर लढतीला कुणीतरी म्हणतंच. नियमांत असं काही नाही. जवळचा राउंड पट्ट्याकडे बघून द्यायचा नसतो.

ठोशांची आकडेवारी लढतीनंतर बघा, आधी नाही. ती दोन माणसं बटणं दाबून करतात, एकेका बॉक्सरसाठी एकेक, आणि निकालाशी तिचा अधिकृत संबंध नसतो. पण तिच्यामुळे आपली चूक पकडता येते. मेवेदर–कानेलो लढतीत मेवेदरने ५०५ मारले, २३२ लागले. कानेलोने ५२६ मारले, ११७ लागले. दोघांनी जवळपास सारखेच मारले, लागले मात्र दुप्पट. दोन पंचांनी ११७–१११ आणि ११६–११२ असं मेवेदरला दिलं, तिसऱ्या कार्डावर ११४–११४, म्हणजे सहा-सहा राउंड. इतका गदारोळ झाला की त्या पंच काही दिवसांत कामावरून बाजूला झाल्या.

हौशी बॉक्सिंगमध्ये राउंड तीन आणि पंच पाच, म्हणून बेरीज आणखी विचित्र होते. टोकियोत २९ जुलै २०२१ ला ३८ वर्षांच्या मेरी कोमने इंग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध दुसरा आणि तिसरा, दोन्ही राउंड पाचपैकी तीन पंचांकडून घेतले. पण पहिल्यात पाचपैकी चार पंच व्हॅलेन्सियाकडे होते. एकूण निकाल ३–२ व्हॅलेन्सिया. 'तीनपैकी दोन जिंकली आणि हरली कशी?' असं तेव्हा घरोघरी विचारलं गेलं. प्रत्येक पंचाचं स्वतःचं कार्ड असतं आणि मोजतात ती कार्डं, राउंड नाहीत, हे माहीत असलं की उत्तर सापडतं.

पाचवा राउंड

आता त्या खाडाखोडीकडे. पाचव्याच्या सुरुवातीला जोशुआने क्लिच्कोला कोपच्यात घेतलं आणि खाली बसवलं. मी लगेच १०–८ लिहून पेन ठेवलं. ही पहिली चूक, घंटा झालीच नव्हती. क्लिच्को उठला. डोळ्यावर जखम, रक्त, आणि तरी पुढची मिनिटं त्याची. जोशुआचा सगळा दम त्या एका हल्ल्यात गेला होता. तोंड उघडं, हात खाली, पाय चिखलात रुतल्यासारखे. राउंड संपताना नक्की कोण पडलं होतं हे नव्या माणसाला सांगता आलं नसतं. मी खोडून १०–९ केलं, मग पुन्हा १०–८.

पाडल्याबद्दलचा जादा गुण सहसा मिळतोच. पण पडलेल्याने उरलेला राउंड स्पष्ट गाजवला असेल तर पंच १०–९ देऊ शकतो. अशा वेळी पडण्याआधी आणि पडल्यानंतर असे दोन भाग करा, आणि दुसरा भाग खरंच उलट एकतर्फी होता का ते विचारा. शंका असेल तर १०–८ राहू द्या.

सहाव्यात क्लिच्कोच्या सरळ उजव्याने जोशुआ पाठीवर गेला. आयुष्यात पहिल्यांदा व्यावसायिक रिंगमध्ये पडला. १०–८ क्लिच्को, वाद नाही. तिथून दहाव्यापर्यंत मला बहुतेक राउंड क्लिच्कोचे दिसले, पण तो घाव घालायला आत गेला नाही. अकराव्यात जोशुआच्या उजव्या अपरकटने, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाने, त्याची मान वर आकाशाकडे वळली, तो दोनदा पडला, आणि २ मिनिटं २५ सेकंदांवर रेफरीने लढत थांबवली.

दहा राउंडनंतरची कार्डं होती: ९६–९३ जोशुआ, ९५–९३ जोशुआ, ९५–९३ क्लिच्को. बेरजा करा. दहा राउंडचे नेहमीचे गुण १९०. दोन नॉकडाउनचे दोन वजा, १८८. दोन कार्डांची बेरीज १८८ येते. पहिल्याची १८९. म्हणजे त्या पंचाने कुठेतरी एक गुण कापलेला नाही: एखादा नॉकडाउनचा राउंड १०–९ दिला, नाहीतर एखादा राउंड बरोबरीत सोडला. माझी पैज पाचव्यावर. कार्डं हातात आली की ही बेरीज नक्की करा. कुणी कुठे अडखळलं त्याचा वास येतो.

माझं त्या पहाटेचं कार्ड ९५–९३ जोशुआ. आठवड्याने आवाज बंद करून, अंदाजाचं पान मिटून, पुन्हा मोजलं. पहिले चारही राउंड मी जोशुआला दिले होते, कारण सहाव्याच्या आत तो पाडणार होता ना! त्यातला दुसरा आणि चौथा सरळसरळ क्लिच्कोच्या जॅबचा निघाला. बाकी सगळं तसंच. नवी बेरीज ९५–९३ क्लिच्को. एकाच खुर्चीत, एकाच माणसाने, आठ दिवसांच्या अंतराने दोन वेगळ्या पंचांची कार्डं लिहिली होती.

पाचव्यापुढे या वेळी खाडाखोड नाही. १०–८, आणि कारणाच्या जागी: 'पाडलं, मग दमला'.